भिंगरीचा उजवा हात

तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. खरं नाव काय ते विचारलं तर ती म्हणायची, "हाक मारून बघा, ज्याला मी वळेन ते खरं." आणि वळायची ती भिंगरीलाच.

नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण डोळे उघडे ठेवून ठेवलं होतं. ही पोरगी कधी एका जागी बसली नाही. जेवताना अर्धं बसून, अर्धं उभ्याने. खुर्चीत बसवली तर आधी पाय हलायचा, मग खुर्ची, मग टेबल, मग टेबलावरचा पेला. समोरचा माणूस शेवटी पेला धरून बोलायचा. तिच्याशी बोलून उठलेल्या माणसाला बोटीतून उतरल्यासारखं वाटायचं.

शाळा तिने नववीत सोडली. अभ्यासामुळे नाही. अभ्यास वाईटच होता, पण वर्गात तिच्याहून वाईट अभ्यासाची पोरं शेवटपर्यंत टिकली. झालं असं, की पालकांच्या सभेला तिची आत्या गेली होती. आई हिच्या लहानपणीच गेलेली, वडील लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, त्यामुळे आई-बाप-पालक जे काय ते आत्याच. आत्याच्या उजव्या हाताला चार नखं वाढवलेली, डाव्या हाताची सगळी बुडापासून कापलेली. दुसऱ्या दिवशी वर्गात बाई हसत म्हणाल्या, "तुझ्या आत्याला घरात काम नसतं वाटतं? एवढी नखं घेऊन भांडी कशी घासते गं?"

वर्ग हसला. भिंगरी उभी राहिली आणि म्हणाली, "डाव्या हाताने घासते. तुमच्या दोन्ही हातांनी जेवढी निघतील त्याहून लख्ख."

बाई म्हणाल्या, माफी माग. हिने दप्तर उचललं. बाईंना वाटलं, ही कोपऱ्यात उभी राहायला चालली. ती सरळ गेटातून बाहेर गेली आणि परत आलीच नाही. आत्याने त्या दिवशी तिला दोन धपाटे घातले, तेही डाव्या हाताने. उजवा हात आत्या असल्या कामाला वापरायची नाही.

उजवा हात पोटापाण्याचा होता. आत्या गिटारच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसायची. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. एका टोकाला लाकूड शिरायचं आणि दुसऱ्या टोकाने गिटार बाहेर पडायची. मधे कापणारे, चिकटवणारे, घासणारे. एक पॉलिशवाला, ज्याला वासामुळे चव कळेनाशी झाली होती आणि तो कुणाच्याही डब्याला छानच म्हणायचा. एक कानसवाला, जो गिटारच्या मानेवरच्या धातूच्या बारीक पट्ट्या कानशीने एका पातळीत आणायचा. आणि सगळ्यात शेवटी आत्या. तिच्यापुढे गिटार यायची, ती मांडीवर घ्यायची आणि कॉर्ड वाजवायची, म्हणजे सहाही तारा मिळून एकच सूर. आवाज स्वच्छ आला की मागच्या बाजूला खडूची रेघ, गिटार खोक्यात. तार कुठे पट्टीला घासून खरखरली, की शेडच्या भाषेत ती गिटार "खोकली". खोकलेली गिटार परत कानसवाल्याकडे.

आत्याला अख्खं गाणं एकही येत नव्हतं. तिला लागतही नव्हतं. कॉर्ड मात्र अशी वाजवायची की शेडमधले लोक त्यावर श्वास घ्यायचे. तारा सहा आणि बोटं चार, म्हणून अंगठा वरच्या तीन जाड तारांवरून घरंगळत यायचा, आणि तो खाली पोचायच्या क्षणी उरलेली तीन बोटं तीन पातळ तारा एकदम सोडायची. पहिलं बोट, मधलं बोट, अनामिका. द-द-दम, टिंग. हात जागचा हलायचा नाही. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई गिटारीवर हात ठेवून विचार करतेय.

भिंगरी शाळेतून सुटली आणि याच शेडमध्ये तारा चढवायच्या कामाला लागली. या टेबलावरून त्या टेबलावर पळायचं काम. तिच्या पायांची सोय झाली, शेडच्या डोक्याला ताप झाला.

"ए वटवट, जरा हळू," कानसवाला म्हणायचा. "तू बाजूने गेलीस की माझी कानस सरकते."

"तुझी कानस सरकत नाही, तू पेंगतोस."

"ताई, ही तुमची कोण लागते म्हणालात?"

"माझ्या भावाची चूक लागते," आत्या मान वर न करता म्हणायची, आणि वाजवायची, द-द-दम, टिंग.

आत्याची इच्छा होती की तिच्यामागे ही खुर्ची भिंगरीने घ्यावी. त्यासाठी संध्याकाळी घरी एक जुनी, चिरा गेलेली गिटार घेऊन दोघी बसायच्या. भिंगरीनेही चार नखं वाढवली, शेडमधल्याच बारीक पॉलिश पेपरवर घासून गोल केली. नखं झकास आली. हात येईना. अंगठा ठीक चालायचा, पण तीन बोटांनी तारा सोडायच्या वेळी तिचा अख्खा पंजा वर उडायचा, गरम तव्याला लागल्यासारखा. अनामिका तर सगळ्यात हौशी. ती पहिली तार, सगळ्यात पातळ, अशी उपटायची की तार वर ताणली जाऊन पट्ट्यांवर फाडकन आपटायची.

"तारेला ओढू नकोस गं," आत्या म्हणायची. "ती काय भाजीतली काडी आहे? बोट तारेवर टेकव. थांब. आत दाब आणि सोड. बोट तळहाताकडे जाऊ दे, छताकडे नाही."

"टेकवलंच की."

"टेकवलंस. थांबली नाहीस."

मग आत्या तिच्या पंजाच्या पाठीवर खोडरबर ठेवायची. भिंगरीने कॉर्ड वाजवायची आणि रबर पडू द्यायचा नाही. तो रबर कपाटाखाली गेला, पातेल्यात गेला, एकदा खिडकीतून खालच्या माणसाच्या सायकलच्या टोपलीत गेला. आत्या म्हणाली, "तुझ्या हाताखाली निरोगी गिटारसुद्धा खोकते. तुला खुर्ची दिली तर कारखान्यातून एक गिटार बाहेर पडायची नाही." भिंगरी हसली, पण ते बोलणं तिला लागलं. रात्रभर ती अंथरुणात बोटं पोटावर टेकवून थांबायचं शिकत होती. पोट हलत होतं.

मग एका दुपारी ती तारांचं भेंडोळं घेऊन शेडमधून चालली होती आणि मधेच थबकली. कॉर्डला काहीतरी झालं होतं. बिघडली नव्हती, आवाज स्वच्छ होता. पण वरून उघडा, झाकण नसलेल्या डब्यासारखा. तिने वळून पाहिलं. आत्याची तीन बोटं तारांवर होती. अनामिका मुडपून तळहातात शिरली होती, थंडीत पांघरुणात शिरलेल्या पोरासारखी.

"आत्या, बोट काय झालं?"

"काही नाही. दमलंय."

दमलेलं बोट घरी भाजी चिरत होतं, सुईत दोरा ओवत होतं, भिंगरीची वेणी घालत होतं. फक्त तारांवर ठेवलं की आपोआप आत वळायचं. दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं. डॉक्टरांनी हात उलटासुलटा केला आणि म्हणाले, हाड ठीक, नस ठीक, एकच काम वर्षानुवर्षं केलेल्या हाताला कधीकधी असं होतं, काही दिवस ते काम बंद ठेवा. आत्या बाहेर येऊन म्हणाली, "ते काम बंद ठेवा म्हणे. म्हणजे मी बंद राहा."

भिंगरीला त्या बोटाचा इतका राग आला की ते आत्याचं नसतं तर तिने त्याला दोन शब्द सुनावले असते.

आत्याने तोड काढली. अंगठा आणि दोन बोटांनी कॉर्ड वाजवायची, आणि मग पहिल्या बोटाने खाली येऊन ती उरलेली पातळ तार वेगळी छेडायची. द-द-दम, मग टुण्. चाललं असतं. पण हाताची सवय फार जुनी होती. कॉर्ड वाजली की गिटार झाली, हात खडूकडे. निवांत असली की आत्याला टुण् आठवायचं. माल घाईचा असला की कॉर्ड वाजायची, खडू उठायचा, आणि पातळ तार न बोलताच खोक्यात जायची.

हे भिंगरीने पाहिलं होतं. ती आपल्या टेबलावरून नुसतीच कासावीस व्हायची. तारा चढवता चढवता ती स्वतःच पातळ तार छेडून बघायची, पण तिच्या हाताखाली सगळ्याच खोकायच्या, काय कळणार! आत्याला म्हणावं तर आत्याचा चेहरा बघवायचा नाही. कानसवाल्याला सांगावं तर आत्याची खुर्ची जाईल. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ न बोलण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते तिला बुटात खडा गेल्यासारखं टोचत होतं. ती जास्तच पळायला लागली. पॉलिशवाला म्हणाला, "हिला कुणीतरी खिळा मारा रे."

एका सकाळी दारात गाडी लागली. गेलेला माल परत आला होता. दुकानदाराचं म्हणणं एकच, पातळ तार खरखरते. कानस मारून झाल्यावर लाकूड सुकून आकसलं होतं आणि पट्ट्यांची टोकं त्या बाजूला जरा उचलली होती. असं होतं अधूनमधून. ते पकडायलाच शेवटचं टेबल असतं.

मालक वाईट माणूस नव्हता. बापाकडून शेड मिळाली होती, कर्जबिर्ज नव्हतं, पण काळजीचा मूळ स्वभाव. काळजी वाढली की तो मोठ्याने बोलायचा, आणि त्या दिवशी तो पत्रा थरथरेल इतक्या मोठ्याने बोलत होता. एक गिटार घेऊन तो थेट कानसवाल्यासमोर उभा राहिला.

"ही पट्टी बघ. हात लाव. लागतंय का टोक?"

"लागतंय."

"ही कानस मारलीस तू?"

कानसवाल्याने एकदा आत्याच्या टेबलाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मीच मारली."

"एवढ्या सगळ्यांवर? झोपला होतास? उद्यापासून येऊ नकोस."

कानसवाला टेबलाकडे वळला. कानस पुसून फडक्यात गुंडाळायला लागला. आणि आत्या खुर्चीतून उठायला लागली. तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता, आणि तेवढ्यात भिंगरीच्या तोंडातून निघून गेलं, "त्या गिटारी मी वाजवल्या होत्या."

शेडमधल्या माना वळल्या.

"तू?" मालक म्हणाला.

"मी. आत्याला बरं नव्हतं, ती पाणी प्यायला जायची तेव्हा मी बसायचे. मीच खडू मारला. काढायचं तर मला काढा."

मालकाने घाम पुसला. त्याला ते पटायला लागलं होतं. कुणीही पटवून घेतलं असतं, पोरगी तशीच होती. मागून आत्याचा आवाज आला, अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा.

"खोटं बोलतेय."

"आत्या, तू गप गं!"

"तू गप. मालक, हिचा हात उडतो. हिने वाजवल्या असत्या तर पातळ तार सगळ्यात मोठ्याने बोंबलली असती. चांगल्या गिटारीसुद्धा हिने परत पाठवल्या असत्या. खराब गिटार पास करणं हिला जमणारच नाही." आत्याने हात वर केला. "पातळ तार मुळात वाजलीच नाही. माझं हे बोट आत जातं. मी तार वेगळी बघायचे, आणि घाईत विसरायचे. कानस ठेव रे खाली. तुझी चूक नाही."

कानसवाल्याने कानस खाली ठेवली नाही. म्हणाला, "मला माहीत होतं ताई."

"काय माहीत होतं?"

"टिंग येत नाही ते. बरेच दिवस झाले."

"आवाज उघडा पडला होता," पॉलिशवाला कोपऱ्यातून म्हणाला. "मला वाटलं, माझ्याच कानाचं पण जिभेसारखं झालं."

चिकटवणारी बाई म्हणाली, तिलाही कळलं होतं. घासणाऱ्यालाही. अख्ख्या शेडला माहीत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच माहीत आहे. भिंगरीने सगळ्यांकडे पाहिलं. इतके दिवस ती तो खडा एकटी बुटात घेऊन फिरत होती, आणि इथे सगळेच लंगडत होते. तिला रडायला आलं, म्हणून ती कानसवाल्यावर ओरडली, "मग बोलला का नाहीस, मेल्या? नोकरी चालली होती तुझी!"

"तू का नाही बोललीस?"

तिने नाक पुसलं आणि त्याच्या हातातली कानस हिसकावून टेबलावर ठेवली.

मालक खोक्यावर बसला. आवाज खाली आला, म्हणजे आता खरं बोलणार होता. "ताई, बापाच्या वेळेपासून आहात तुम्ही. पण मी काय करू? तुमचा हात चालत नाही, तर तुम्ही आता घरी बसा. मी दुसरा माणूस बघतो."

आत्याने मान हलवली. तिला हे आधीच माहीत असावं. ती टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा करायला लागली, एका हाताने, दुसऱ्या हाताच्या ओंजळीत. भिंगरीला ते बघवेना.

"हात जाऊ दे," ती म्हणाली. "कान कुठे गेलेत? आत्या ऐकेल. वाजवेन मी."

"तुझा हात उडतो म्हणाल्या ना त्या आत्ताच."

"नाही उडणार."

"भिंगरे," आत्या म्हणाली.

"नाही उडणार म्हटलं ना! मालक, हे बघा. परत आलेल्यातल्या घ्या, चांगल्या घ्या, कालवा. आत्याला पाठ करून बसवा. मी वाजवते, ती सांगेल कुठली खोकते. चुकलं तर दोघी जातो. मी तिच्याशिवाय या शेडमध्ये एक तार चढवणार नाही, आधीच सांगते."

"धमकी देतेस?"

"हो."

मालकाला हसू आलं असावं, पण काळजीने ते बाहेर येऊ दिलं नाही. त्याने कानसवाल्याला खूण केली. कानसवाल्याने गिटारी कालवल्या. आत्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसली, ओंजळीत खडू तसेच. भिंगरी टेबलाच्या कडेला बसली आणि पहिली गिटार मांडीवर घेतली.

डाव्या हाताने तारा दाबल्या. अंगठा घरंगळला, बोटं सुटली, आणि पंजा उडाला. पातळ तार फाडकन पट्टीवर आपटली आणि गिटार खोकली.

कानसवाल्याने डोळे मिटले. ती चांगली गिटार होती. तिच्या पट्ट्या त्याने स्वतः त्याच सकाळी पुन्हा तपासल्या होत्या.

"ही..." मालक म्हणाला.

"गिटारीला काही झालेलं नाही," आत्या भिंतीला म्हणाली. "हिला झालंय. पुन्हा वाजव."

"टेकवलं होतं मी," भिंगरी म्हणाली.

"टेकवलंस. थांबली नाहीस. तुला कुठे जायचंय एवढ्या घाईने? मी इथेच आहे."

भिंगरीने बोटं पुन्हा ठेवली. अंगठा जाड तारेवर, तीन बोटं तीन पातळ तारांवर. नखाखाली तार लागली, नखाच्या आणि कातड्याच्या मधे, जिथे लागायला पाहिजे तिथे. आता सोडायचं. हात म्हणत होता, सोड, सोड, सोड. दप्तर उचलावं तसं. तिने सोडलं नाही. शेड वाट बघत होती आणि तिला सगळ्यांचं बघणं अंगावर मुंग्यांसारखं जाणवत होतं. समोर आत्याची पाठ होती. ब्लाऊजला मागे एक टाका उसवलेला होता. तो आजच घालून द्यायला हवा, ती म्हणाली मनात, आणि तो टाका बघत राहिली. आत्याचं बोट ज्या तारेवर जात नव्हतं, त्याच तारेवर तिचं टेकलं होतं. त्याला आता उपटण्यात काही हौस उरली नव्हती.

तिने आत दाबलं आणि सोडलं.

द-द-दम, टिंग.

पंजा जागेवर होता. बोटं तळहाताकडे वळून थांबली होती. पॉलिशवाल्याने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "झाकण लागलं."

"ही चांगली आहे," आत्या म्हणाली. "पुढची."

पुढची वाजली. पातळ तारेवर किंचित खरखर, उंदराने कागद कुरतडावा तशी. "खोकते. पातळ तारेखालची पट्टी बघ रे, टोक असेल." कानसवाल्याने बोट फिरवलं आणि मान हलवली. पुढची. पुढची. मधे एकदा भिंगरीचा हात उडाला, तेव्हा आत्या म्हणाली, "ही तुझी. पुन्हा." मालक खोक्यावरून उठला नाही. शेवटी म्हणाला, "अजून एक खुर्ची लागेल इथे. ताई, अशी भिंतीला तोंड करूनच बसणार का?"

"मला इथून बरं ऐकू येतं."

"आणि हिचा पगार?"

"तो तिला विचारा. ती तुम्हाला धमकी देते, मला नाही."

शेडमध्ये हळूहळू पुन्हा कानस चालू झाली, पॉलिशचा वास आला. परत आलेल्या गिटारींचा ढीग अजून मोठा होता. भिंगरी एकेक उचलत होती, बोटं टेकवत होती, थांबत होती. थांबताना तिचा जीव अजूनही वर-खाली होत होता, त्याला कुठेतरी वाट हवीच होती.

द-द-दम, टिंग.

"चांगली," आत्या म्हणाली. आणि मान न वळवता पुढे म्हणाली, "पाय हलवू नकोस. टेबलाखालची तुझी चप्पल ऐकू येतेय मला."